कोटाचं खालचं बटण

मास्तरांच्या क्लॅरनेटमधून धूर निघायचा. फुगवून सांगत नाही, निम्म्या नांदेडनं डोळ्यांनी बघितलेली गोष्ट आहे. वाजवताना मास्तर पेटलेली बिडी क्लॅरनेटच्या दोन चाव्यांमधे खोचून ठेवायचे. कडवं संपलं आणि ढोलवाल्यानं आपली फिरकी सुरू केली, की तेवढ्यात बिडी काढून एक झुरका, परत खोचली, परत सूर. वरातीत पुढं नाचणारी पोरं ओरडायची, "ए, बग बग, बाज्यातनं धूर निघायलाय!" आणि मास्तर वाजवता वाजवता त्यांना डोळा मारायचे. त्यांचं खरं नाव कुणी घेत नव्हतं. बँडचा मास्तर म्हणून मास्तर. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मामी म्हणायचो, मास्तरांना मात्र मामा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते अर्धापूरला. मुखेडच्या पलीकडं माझं गाव. शाळा आठवीत सुटली, ती सुटलीच. मोठा झाल्यावर अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायला आलो. दोन सदरे होते, दोन्हींवर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे सदरा फाटला तरी जात नाहीत. बिडीही तिथंच शिकलो. बागायतदाराच्या घरी लग्न होतं. जेवणं झाल्यावर बँडवाले झाडाखाली टेकले होते. मी जाऊन नुसता क्लॅरनेटकडं बघत उभा राहिलो.

"काय बगायलास?" मास्तर म्हणाले.

"काही न्हाई जी."

"वाजवतूस का?"

"सनई येते थोडी. आज्यानं शिकवली."

"मग हात मागं कशाला लपवलास? पूस आन फुंक."

मी फुंकलं. गाणं बिणं काही नाही, नुसता एक सूर धरला, कारण दुसरं काही सुचेना. सूर थरथरत होता, पण तुटला नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं, झुरका मारला आणि म्हणाले, "घाबरतूस. पर धरतूस. उद्या ये."

एवढीच माझी मुलाखत. आजही कुठल्या कामाला हात घालताना छाती धडधडायला लागली की मी स्वतःला तेच सांगतो. घाबरतोस, पर धरतोस.

आमच्या बँडची पद्धत सनईची होती. पुढच्यानं गाणं वाजवायचं, मागच्यानं एकच सूर धरून ठेवायचा. पुढचा कितीही वर-खाली फिरून आला तरी मागचा हलायचा नाही. तो मागचा मी. लोकांना तो ऐकूही येत नाही, पण थांबला की सगळ्यांना कळतं काहीतरी तुटलं. हा सूर तुटू न देण्याची एक युक्ती असते. गालात हवा साठवायची, ती बाहेर सोडता सोडता नाकानं नवी आत ओढायची. मास्तरांच्या उस्तादांना ती अशी साधली होती म्हणे की परण्या निघाल्यापासून मारुतीच्या पायरीपर्यंत सूर एकच. परण्या म्हणजे आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीला जातो ते. मास्तरांना ती युक्ती येत होती, पण बिडीनं नाकाची वाट अडवली होती. नाकानं ओढायला गेलं की खोकला.

उस्तादांचं दुसरं एक देणं मास्तरांकडं होतं. तांबडा कोट. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर जरीचे वेल, पितळी बटणं. बँडमधे असा कोट एकच. जो पुढं वाजवणार, तो कोट घालणार, आणि जो कोट घालणार त्यानं सगळी बटणं लावायची, हा उस्तादांचा नेम. आम्हा बाकीच्यांचे साधे कोट, पण नेम सगळ्यांना तोच. लोह्याला एकदा ढोलवाल्यानं उकडतंय म्हणून वरचं बटण काढलं, तर मास्तरांनी त्याला चालत्या वरातीतून टेम्पोत नेऊन बसवलं. "उस्ताद मनायचे, बटन उघडं तर बाजा उघडा!" ढोल त्या दिवशी खुळखुळेवाल्यानं वाजवला आणि वरात कशी नाचली ते विचारू नका.

आता घोड्याची गोष्ट. ती झाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

नांदेडातच परण्या होता. घोडा नेहमीचा, मास्तरांच्या क्लॅरनेटवर नाचायला शिकलेला. मास्तर उंच सुरात चढले, घोड्यानं पुढचे दोन्ही पाय उचलले, बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि सूर मधेच फाटला. मास्तरांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. वाकून, घोड्याचा लगाम धरून खोकायला लागले. घोडा जो थांबला तो हलायलाच तयार होईना. घोडेवाल्यानं ओढलं, मागून मुलाच्या मामानं ढकललं, नवरदेव वर बसून "अहो, अहो" करतोय. शेवटी त्याला उतरवून चालत मारुतीला नेलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बाई, घोड्याला कळलं, मास्तरला कळंना!"

 परत येताना टेम्पोत मास्तर त्या म्हातारीचंच वाक्य पुटपुटत होते.

दवाखान्यात मी बरोबर गेलो. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला कडक. छाती तपासली, फोटो काढायला लावला, तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "मास्तर, बाजा फुंकायचा का बिडी, एक काय ते ठरवा. दोन्ही आता जमणार नाही."

"बिडी सोडली तं माणूस फुगतंय म्हंतेत," मास्तर म्हणाले. "माझा कोट मापाचा हाय."

"थोडं वजन वाढेल. तोंडाला चव येते, भूक लागते, हातातोंडाला चाळा लागतो. पण वाढलेलं वजन उतरवता येतं. फुप्फुस दुसरं कुठून आणणार?"

बाहेर आल्यावर मास्तर पायरीवर बसले. खिशातून बंडल काढलं. मला वाटलं आता ओढणार. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि परत ठेवलं. "तूबी सोड," म्हणाले.

"मी? मला कुठं खोकला हाय?"

"एकट्यानं सोडली तं मी शिव्या कुनाला देऊ?"

असं आमचं जोडीनं ठरलं.

दुसरा कुणी असता तर बंडल गटारात फेकून मोकळा झाला असता. मास्तरांचं सगळं उलटं. आमच्या बँडच्या दुकानात भिंतीवर उस्तादांची जुनी क्लॅरनेट टांगलेली होती. तिच्या तोंडात त्यांनी ते बंडल खोचून ठेवलं, सगळ्यांसमोर. "फेकलं की मानूस हुडकत जातंय. डोळ्यापुढं असू द्या. उस्ताद राखन करतेत." बिडीच्या जागी तोंडाच्या कोपऱ्यात क्लॅरनेटची पत्ती आली. क्लॅरनेटला वेताची एक पातळ पत्ती असते, वाजवायच्या आधी ती तोंडात धरून ओली करावी लागते. मास्तर ती दिवसभर धरायला लागले. चहा पिताना, मामींशी भांडताना, झोपेतसुद्धा. किराणा दुकानदाराला वाटलं मास्तरांनी दात कोरायची काडी सुरू केली.

आणि तलफ आली की काय करायचं? सूर धरायचा! हा त्यांचा शोध. ज्याला तलफ येईल त्यानं हातातलं काम टाकून क्लॅरनेट उचलायची आणि तलफ जाईपर्यंत एक सूर धरून बसायचं. पहिला आठवडा आमच्या गल्लीनं जे सोसलं ते सोसलं. सकाळी सूर, जेवल्यावर सूर, चहाचा वास आला की दोघांचा मिळून सूर. समोरचा चहावाला ओरडायचा, "मास्तर, आज लई तलफ यायली वाटतं!" मास्तर सूर न सोडता त्याला चप्पल दाखवायचे.

शिव्या मात्र ठरल्याप्रमाणे मलाच. मी श्वास मोठ्यानं घेतो म्हणून. मी मीठ जास्त खातो म्हणून. एकदा तर मी मुखेडचा आहे म्हणून. मी ऐकून घ्यायचो आणि माझी चिडचिड ढोलवाल्यावर काढायचो, तो घोडेवाल्यावर, आणि घोडा बिचारा कुणावरच काढू शकत नव्हता.

एक दिवस आम्ही मास्तरांच्या घरी जेवायला बसलो होतो. मामींनी वरण वाढलं. मास्तरांनी पहिला घास घेतला आणि हात तसाच थांबला. मला वाटलं, खडा लागला.

"वरनात काय घातलीस?"

"काय घालनार? रोजचंच हाय."

"न्हाई, वास यायलाय कशाचा तरी. झकास यायलाय!"

"हिंग आसल."

"हिंग? वरनात हिंग कवापासून टाकायलीस तू?"

मामी पळी हातात धरून उभ्याच राहिल्या. "लगीन झाल्यापासून!"

मास्तरांनी वाटी तोंडाला लावली. परत मागितली. आणि काय सांगू, त्या माणसाला जगातले सगळे पदार्थ एकदम सापडायला लागले! शेपूला चव असते. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा गोड लागतो. अर्धापूरच्या केळीचा वास टेम्पोत शिरायच्या आधी येतो. रस्त्यानं चालता चालता थांबायचे, "कुनाच्या तरी घरी लसनाची फोडनी बसली, आलं का नाकात?" माझ्याही येत होतं. आम्ही दोघं कुत्र्यासारखे नाक वर करून नांदेडभर फिरत होतो, आणि खरं सांगतो, एवढा आनंद मी कशातच घेतला नाही.

आता बँडवाल्याच्या नशिबात भरीला लग्नसराई! पूर्वी पंगत बसली की मास्तर मागं जाऊन बिडी ओढायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. आता पंगतीत पहिले. बुंदी आली की मांडी ठोकून बसायचे. वाढपी ओळखीचे, "घ्या मास्तर, घ्या, तुमचं तं कधी तोंडच दिसत नव्हतं पंगतीला," म्हणत ताट भरायचे. दोन महिन्यांत गाल आले. मग मान गेली. मग पोट आलं. अर्धापूरला एका लग्नात मास्तर केळी तोलायच्या काट्यावर चढले. काटेवाल्यानं आकडा बघितला आणि म्हणाला, "मास्तर, घडासकट हायसा का?" आठ किलो वाढले होते. मी त्यांच्या मागून चढलो. माझे सहा.

मामींनी मनावर घेतलं. तळण बंद, भाकरी एक, संध्याकाळी नुसतं ताक आणि भाजी. मास्तर पहाटे गोदावरीच्या घाटावर चालायला लागले, मला ओढत. चालतानाही पत्ती तोंडात. आणि लग्नातल्या पंगतीवर त्यांनी स्वतःच औषध काढलं. पंगत बसली की आपण वाजवायचं! हात गुंतले, तोंड गुंतलं, बुंदी जाणार कुठून? मला तर हे फारच पटलं. आम्ही दोघं पंगतीच्या कडेला उभे राहून हळू आवाजात वाजवायला लागलो. लोकांनी जेवता जेवता माना डोलवल्या. गावोगाव नाव झालं, की ह्यांचा बँड पंगतीत सुद्धा वाजवतो, जास्तीचं काही घेत नाही.

इथंच आमचा हिशेब चुकला. न जेवता वाजवणाऱ्या माणसाला मराठवाड्यात उपाशी कोण पाठवणार? यजमान डबे भरून टेम्पोत आणून ठेवायला लागले. पूर्वी एक ताट मिळायचं, आता प्रत्येकी डबा, वर घरच्यांसाठी वेगळा. वरमाया स्वतः हातानं दोन लाडू भरवून जायच्या. नाही म्हणावं तर अपमान. टेम्पोत अंधारात मास्तर विचारायचे, "डब्यात काय हाय ते नुसतं बगू का?" आणि बघायचे.

एका सकाळी कोटाचं खालचं बटण लागेना.

मास्तरांनी श्वास आत ओढून लावलं. वाजवायला श्वास सोडला की सुटलं. शिंप्याकडं नेलं. शिंप्यानं आतून उलटून दाखवलं, "ह्याच्या आत कापड उरलंच न्हाई मास्तर. उस्तादांनी पन सैल करून घेतलेला दिसतोय." दुसरं कापड जोडू का म्हणाला, तर मास्तरांनी कोट त्याच्या हातातून काढून घेतला. त्या दिवशीपासून त्यांनी हसणं कमी केलं, हसलं की बटण सुटायचं. आणि सल्ले! ढोलवाला म्हणायचा, "मास्तर, सकाळी सकाळी दोन झुरके, पोट गपकन खाली." घोडेवाल्याच्या मेव्हण्यानं म्हणे सोडलेली परत धरली आणि महिन्यात काटकुळा झाला. चहावाला, किराणावाला, टेम्पोचा ड्रायव्हर, सगळ्यांचं औषध एकच, आणि ते भिंतीवरच्या क्लॅरनेटच्या तोंडात खोचलेलं.

डॉक्टरीणबाईंनी परत सांगितलं, "चालत राहा, डबे वाटून टाका, उतरेल. पण हळूहळू. वर्ष लागेल." मास्तर बाहेर येऊन म्हणाले, "वरीस! आन लातूरचं लगीन परवा हाय."

लातूरचं लग्न म्हणजे अर्धापूरच्या बागायतदाराचा मुलगा नवरदेव, त्याच्याकडून आम्ही. मुलगी लातूरची, तिच्याकडून लातूरचा बँड. दोन बँड एका परण्यात आले की काय होतं ते सांगायला नको. लोक नवरदेवाला विसरतात. आणि लातूरच्या त्या बँडचा मास्तर बोलायला तिखट. मंगल कार्यालयाच्या दारातच त्यानं आमच्या मास्तरांकडं खालून वर बघितलं.

"काय मास्तर, वाजवाया आलाव का पंगतीला?"

त्याची माणसं हसली. आमचीही दोन हसली. मास्तर टेम्पोच्या मागं गेले.

परण्याची वेळ झाली. नवरदेवाला घोड्यावर चढवत होते. मास्तर दिसेनात म्हणून मी टेम्पोमागं गेलो. कोट अंगात, वरची बटणं लावलेली, खालची दोन उघडी. आणि हातात बंडल. नांदेडहून निघताना उस्तादांच्या क्लॅरनेटमधून काढून आणलं होतं. दुसऱ्या हातात काडीपेटी. एक बिडी ओठांत, पत्तीच्या जागी.

 मला रागावता येत नाही. मोठ्या माणसाला समजावणं तर त्याहून येत नाही. कानात सगळ्या उन्हाळ्यातले सूर वाजायला लागले.

"पंधराच दिवस," मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले. "पोट उतरू दे. कोट लागू दे. मग परत सोडतो."

माझ्या तोंडातून काय निघालं असेल? मी हात पुढं केला. "मलाबी एक द्या."

"तुला कशाला?"

"जोडीनं सोडली ना मास्तर. जोडीनंच धरू."

"मूर्खा, तुला कोट घालायचा न्हाई!"

"न्हाई जी. पर तुमी ओढली की मी ओढनार. मला म्हाईत हाय माझं. मी काय तेवढा धीराचा न्हाई."

मी खोटं बोलत नव्हतो. पुढं केलेला हात मागं घ्यायचं मला सुचत नव्हतं. मास्तर त्या हाताकडं बघत राहिले. तिकडं लातूरच्या बँडनं सुरुवात केली, ट्रम्पेटांचा नुसता कडकडाट. ढोलवाला हाका मारत होता, "मास्तर! ओ मास्तर, नवरदेव चढला!"

मास्तरांनी ओठातली बिडी काढली. बंडलात परत घातली, एवढ्या हळू, जणू निजलेलं पोर खाली ठेवतायत. बंडल खिशात गेलं. आणि त्यांनी कोट काढायला सुरुवात केली. एकेक बटण. आतल्या पांढऱ्या बनियनमधे ते पोट किती मोठं आणि किती साधं दिसलं!

"घाल," म्हणाले.

"मी?"

"कोट जो घालतो तो म्होरं वाजवतो. उस्तादांचा नेम हाय, माझा न्हाई. घाल लवकर."

"मास्तर, समोर लातूरचा बँड हाय. मला जमनार न्हाई."

"घाबरतूस म्हाईत हाय." त्यांनी माझा साधा कोट स्वतःच्या खांद्यावर टाकला, बाह्यासुद्धा घातल्या नाहीत. बटणं त्यांनीच माझ्या गळ्यापासून खालपर्यंत लावली. खालचं बटण गपकन लागलं. "म्होरं तू. मागचा सूर मी धरतो."

मी पुढं उभा राहिलो तेव्हा लातूरचे बघत राहिले. त्यांचा मास्तर मोठ्यानं म्हणाला, "आज्जा मागं, नातू म्होरं!" माझी पहिली ओळ फुसकी निघाली. दुसरीही. लोक दुसऱ्या बँडकडं सरकायला लागले. आणि मग मागून सूर आला.

मी इतकी वर्षं तो सूर धरला होता, पण तो पुढच्याला कसा ऐकू येतो ते मला माहीत नव्हतं. तो कानात नाही येत. पाठीत येतो. भिंतीला टेकल्यासारखं होतं. मी टेकलो आणि वाजवलं. वर चढलो, तो तिथंच. खाली आलो, तो तिथंच. पहिला चौक गेला, सूर चालू. दुकानांची ओळ गेली, सूर चालू. मी वाट बघत होतो, आता खोकला येईल, आता तुटेल. मास्तर गालात हवा धरून नाकानं ओढत होते, आणि नाकाची वाट मोकळी होती! घोडा मान हलवत हलवत नाचायला लागला. लातूरच्या ट्रम्पेटवाल्यांना दम घ्यायला थांबावं लागायचं, आणि ते थांबले की त्या फटीतून आमचा तोच सूर ऐकू यायचा. एकदा थांबले, दोनदा थांबले, तिसऱ्यांदा त्यांचा मास्तर थांबला तो थांबलाच. ट्रम्पेट खाली करून मास्तरांच्या गालांकडं बघत आमच्याबरोबर चालायला लागला. मारुतीच्या पायरीवर नवरदेव उतरला तेव्हा कुठं सूर थांबला. थांबला नाही, मास्तरांनी ठेवला. टोपी उतरवून ठेवावी तसा.

मग एकच गलका! बागायतदारानं मास्तरांना मिठी मारली, ती पोटाला वळसा घालून पोहोचेना. लातूरचा मास्तर पुढं आला. "मास्तर, एवढा दम कुठून आणलाव?"

मास्तरांनी खिशातून बंडल काढून त्याच्यापुढं धरलं. "ह्याच्यातनं. ह्यातली एकबी ओढली न्हाई, ती सगळी फुंक हाय."

त्याला कळलं का नाही कुणास ठाऊक. मी मात्र पायरीवर बसून रडत होतो आणि उस्तादांच्या जरीवर डाग पडतील म्हणून बाहीनं पुसतही नव्हतो.

नांदेडला आल्यावर बंडल परत भिंतीवरच्या क्लॅरनेटच्या तोंडात गेलं. कोट मात्र मास्तरांनी परत घेतला नाही. "मागं बरं वाटतंय," म्हणायचे. "म्होरं ऱ्हाऊन लोकांकडं बगावं लागतंय. मागं नुसतं फुंकायचं." कोटाची घाई गेल्यावर पोटही शहाण्यासारखं वागायला लागलं. घाटावरचं चालणं त्यांनी सोडलं नाही, डबे घोडेवाल्याच्या घरी जायला लागले, बुंदी पंगतीत चमचाभर. वर्षानं काट्यावर चढले तर निम्मं उतरलं होतं. "ऱ्हायलेलं निम्मं हिंगाचं," म्हणाले. "ते ऱ्हाऊ द्या."

मी आता सुरतेत असतो. दिवसा कापडाच्या गोदामात गठ्ठे बांधतो, सराईत आमच्याच भागातल्या माणसांचा एक छोटा बँड काढला आहे, त्यात वाजवतो. नांदेडहून निघालो तेव्हा मास्तरांनी कोट कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. इथं आल्यावर पहिले सहा महिने गावच्या आठवणीनं अशी तलफ यायची की काय सांगू. खोलीवरची पोरं गॅलरीत ओढत बसायची. मी आत सूर धरून बसायचो. पोरं म्हणायची, ह्याला वेड लागलं. लागू दे. अजून एकही ओढलेली नाही.

परवा सराईचं पहिलं लग्न. कोट घातला, आणि खालचं बटण लागेना. श्वास ओढला, लागलं. सोडला, सुटलं. मी तसाच खाली बसलो आणि मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, कोट लागंना."

तिकडून आधी मामींचा हसण्याचा आवाज आला, मग मास्तरांचा. खोकला नाही, नुसतं खळखळून हसणं, पोट धरून.

"मामीच्या हातचं न खाता फुगलास? सुरतंत कोन घालतंय रं खायाला?"

"मास्तर, चेष्टा करू नका. तासाभरात वरात हाय. काय करू?"

"आरं, करायचं काय त्यात! तुझ्यात बारीक कोन हाय?"

"एक हाय. किनवटकडचा. वाजवतो चांगलं, पर लई घाबरतो."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले. "त्याला घाल. तू सूर धर."